ग्रंथ, परंपरा आणि सदसद्विवेक : ख्रिस्ती श्रद्धेतील प्रमाणविचार

प्रास्ताविक :

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला धर्माचे तत्त्वज्ञान शिकविताना शब्दप्रामाण्याचा भाग आला, की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : बायबल म्हणजे ख्रिस्ती लोकांचे वेदच ना? विचारणारा विद्यार्थी जिज्ञासू असतो, आणि वर्गात एखादा ख्रिस्ती विद्यार्थी असला तर तोही बहुधा मान डोलावतो. प्रस्तुत लेखकाने अध्यापनाच्या पहिल्या काही वर्षांत या प्रश्नाला ‘साधारणपणे होय’ असेच उत्तर दिले आहे. ते उत्तर सोयीचे होते, परंतु बरोबर नव्हते. या एका साम्यावर विसंबून आपण पुढे जे शिकवितो, त्यात ख्रिस्ती धर्म हा केवळ एका ग्रंथाचा धर्म ठरतो, त्याच्या अंतर्गत वादांचे मर्म हरवते, आणि महाराष्ट्रातील ज्या व्यक्तींनी हे वाद स्वतःच्या आयुष्यावर झेलले त्यांचे म्हणणे आपल्या कानांवर पडतच नाही.

ख्रिस्ती श्रद्धेत सत्य कशावरून ठरते? ग्रंथावरून, धर्मसभेच्या परंपरेवरून, बुद्धीवरून, की भक्ताच्या अंतःकरणातील प्रतीतीवरून? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात ठाणे-कल्याण परिसर आणि मराठी ख्रिस्ती परंपरा यांच्या आधारे केला आहे. ख्रिस्ती श्रद्धा सत्य आहे किंवा नाही, हा येथील विषय नाही. श्रद्धावंत स्वतः कशाला प्रमाण मानतात, एवढाच तो आहे.

वेदप्रामाण्याशी तुलना :

न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे मानली. शब्द म्हणजे आप्ताचे वचन. मीमांसकांनी याहून पुढे जाऊन वेद अपौरुषेय मानले : वेदांना कर्ता नाही, म्हणून कर्त्याचे दोषही त्यांत नाहीत. बायबलविषयी असा दावा मुख्य प्रवाहातील कोणतीही ख्रिस्ती परंपरा करीत नाही. बायबलच्या लेखकांना परमेश्वराची प्रेरणा होती असे या परंपरा मानतात, पण ते लेखक माणसे होती आणि माणसांसारखे लिहीत होती हेही मानतात. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस पौल त्रोवस येथे राहिलेला आपला झगा आणि पुस्तके घेऊन येण्यास सांगतो. अपौरुषेय ग्रंथात राहिलेल्या झग्याची आठवण निघणार नाही.

दुसरा भेद अधिक खोल आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या आरंभी ‘शब्द’ ही संज्ञा येते, पण तेथे ती ग्रंथाला उद्देशून नाही. देहधारी झालेल्या ख्रिस्ताला उद्देशून आहे. म्हणजे ख्रिस्ती विचारात परमेश्वराचे मूळ प्रकटीकरण ही एक व्यक्ती होय, आणि ग्रंथ ही त्या व्यक्तीविषयीची साक्ष होय. खुद्द येशूने काहीही लिहून ठेवले नाही. त्याने बोटाने जमिनीवर लिहिल्याचा एकच प्रसंग योहानाच्या आठव्या अध्यायात आहे. काय लिहिले ते तेथे सांगितलेले नाही, आणि नवल असे की तो उताराच सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आढळत नाही.

ग्रंथसूचीचा पेच :

नव्या करारातील सर्वांत जुने लेखन म्हणजे पौलाची पत्रे. ती येशूच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी लिहिली जाऊ लागली. चार शुभवर्तमाने त्यानंतरची असून बहुतेक अभ्यासक त्यांचा काळ इ.स. ७० च्या आसपासपासून पहिल्या शतकाच्या अखेरपर्यंत धरतात. याचा अर्थ भाकर मोडणारी, प्रार्थना करणारी, बाप्तिस्मा देणारी मंडळी आधी होती आणि नवा करार मागाहून आला. आज सर्वत्र मान्य असलेल्या सत्तावीस पुस्तकांची नेमकी यादी प्रथम आढळते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनाशियस याच्या इ.स. ३६७ च्या पत्रात. सिरियाक भाषेतील पेशित्ता या प्राचीन अनुवादात नव्या कराराची बावीसच पुस्तके होती. प्रकटीकरणाचे पुस्तक त्यांत नव्हते. जुन्या करारात प्रोटेस्टंट मंडळी एकोणचाळीस पुस्तके मानतात, कॅथॉलिक धर्मसभा शेहेचाळीस.

येथेच प्रमाणविचाराचा खरा पेच आहे. बायबलमध्ये कोणती पुस्तके असावीत याची यादी बायबलच्या कोणत्याही पुस्तकात नाही. ग्रंथ प्रमाण मानला, तरी तो ग्रंथ कोणता हे ग्रंथाबाहेरून ठरवावे लागते. कॅथॉलिक पक्ष म्हणतो, की ते धर्मसभेने ठरविले, म्हणून धर्मसभेच्या परंपरेला प्रामाण्य आहे. प्रोटेस्टंट पक्षाचे उत्तर असे, की सोनार कस लावतो म्हणून सोने त्याने निर्माण केले असे होत नाही. मंडळीने त्या पुस्तकांचे प्रामाण्य ओळखले, त्यांना ते दिले नाही. उत्तर चांगले आहे. तथापि ओळखण्यासाठी कसोटीचा दगड कोठून आणला, हा प्रश्न शिल्लक राहतोच. कॅल्व्हिनने त्यासाठी वाचकाच्या अंतःकरणातील पवित्र आत्म्याच्या साक्षीकडे बोट दाखविले. म्हणजे ग्रंथाबाहेरचे काहीतरी तेथेही आलेच.

सोळाव्या शतकातील वाद या पेचातून धगधगला. इ.स. १५२१ मध्ये वर्म्स येथील सभेपुढे ल्यूथरने पोप आणि धर्मपरिषदा यांच्यापेक्षा आपण शास्त्राला बांधलेले आहोत असे सांगितले. मात्र त्याच निवेदनात त्याने सदसद्विवेकाचा आणि स्पष्ट युक्तिवादाचाही आधार घेतला, हे सहसा सांगितले जात नाही. ‘केवळ शास्त्र’ या तत्त्वाचा अर्थ इतर सर्व प्रमाणे टाकाऊ असा नसून अंतिम निवाडा शास्त्राचा, असा आहे. उलटपक्षी ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये शास्त्र आणि अलिखित परंपरा यांना समान आदराने स्वीकारले. इंग्लंडमध्ये रिचर्ड हूकरने शास्त्राला अग्रस्थान देऊन बुद्धीला आणि मंडळीच्या अधिकाराला त्याच्या मागोमाग बसविले, आणि पुढे जॉन वेस्लीच्या परंपरेत अनुभवाचीही त्यांत भर पडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शास्त्र व परंपरा एकाच झऱ्यातून वाहतात असे म्हटले आणि धर्मसभेचा अध्यापनाधिकार देवाच्या वचनाच्या वर नसून त्याच्या सेवेत आहे, हेही नमूद केले. चार शतकांत दोन्ही बाजू एकमेकींकडे बऱ्याच सरकल्या आहेत.

ठाणे आणि कल्याण :

हा वाद युरोपातून आयात झालेला आहे असे आपल्याला वाटते. ठाणे जिल्ह्याचा इतिहास वेगळे सांगतो. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मास याने आपल्या ग्रंथात ‘कल्लिआना’ येथे ख्रिस्ती लोक असल्याची आणि त्यांचा बिशप पर्शियाहून नेमला जात असल्याची नोंद केली आहे. अनेक इतिहासकार हे स्थळ म्हणजे आपले कल्याण मानतात. पुढे १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठाण्यात आले व मारले गेले, तेव्हा त्यांना आसरा देणारे कुटुंब पूर्वेकडील ख्रिस्ती पंथाचे होते. म्हणजे रोमची लॅटिन परंपरा आणि पर्शियाकडील सिरियाक परंपरा, ज्यांचे सिद्धान्त एकमेकींना मान्य नव्हते, त्या ठाण्यात एका छपराखाली उतरल्या होत्या. घरच्या माणसांनी पाहुण्यांना त्यांचा विश्वासांगीकार विचारला असेल काय, याचे कुतूहल वाटते.

आजही ही विविधता लोकलच्या काही स्थानकांच्या अंतरात पाहता येते. मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळापासूनच्या कॅथॉलिक परंपरेचे. ठाण्याचेच सेंट जेम्स चर्च अँग्लिकन परंपरेतील. त्याची प्रतिष्ठापना १८२५ मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते झाली. आणि कल्याणच्या नावाने १९८८ मध्ये सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला, तो मुख्यतः केरळहून आलेल्या संत थॉमस ख्रिस्ती कुटुंबांसाठी. डोंबिवली-कल्याणमधील या कुटुंबांच्या दृष्टीने प्रेषित थॉमस इ.स. ५२ मध्ये केरळात आला ही गोष्ट त्यांच्या अस्मितेचा पाया आहे. नव्या करारात तिचा उल्लेख नाही. ती मौखिक गीतांतून, उपासनेतून आणि पिढीजात सांगण्यातून आलेली आहे. इतिहासाच्या कसोटीवर ती निर्विवाद सिद्ध झालेली नाही. पण ग्रंथात नाही म्हणून ती सोडून द्यावी असे त्यांच्यापैकी कोणालाही वाटत नाही.

साष्टी-ठाण्याच्या ईस्ट इंडियन कॅथॉलिकांची गोष्ट आणखी बोलकी आहे. अनेक पिढ्या त्यांच्या घरात त्यांच्या भाषेतील बायबल नव्हते आणि विसाव्या शतकातील साठीच्या दशकापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. त्यांची श्रद्धा टिकली ती सण, नवेने, घरगुती प्रार्थना आणि पहिल्या पिकाच्या लोंब्या चर्चमध्ये नेण्याचा आगेरा यांच्या बळावर. ग्रंथाविना श्रद्धा संभवते काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या अंगणात आहे.

पुराण कशासाठी? :

मराठीत हा प्रमाणविचार प्रथम ग्रंथबद्ध झाला तो फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त. हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रोमी लिपीत छापले गेले. त्याच्या भाषासौंदर्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे प्रश्न वेगळा आहे : त्यांनी बायबलचा सरळ अनुवाद का केला नाही? ट्रेंटनंतरच्या काळात देशी भाषांतील बायबलवर धर्मसभेचे कडक नियंत्रण होते, हे एक कारण. दुसरे कारण पुराणातच आहे. एक ब्राह्मण श्रोता पाद्रींना विचारतो, की आमची जुनी पुराणे बंद झाली, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही का देत नाही? त्या मागणीमागे मोडलेल्या देवळांचा आणि जप्त झालेल्या पोथ्यांचा इतिहास आहे, याचा विसर पडू नये. स्टीफन्सनी जे दिले त्यात बायबलची कथा, धर्मसभेची शिकवण आणि श्रोत्यांच्या शंकांना दिलेली उत्तरे एका प्रवाहात मिसळलेली आहेत. शास्त्र कोठे संपते आणि परंपरा कोठे सुरू होते हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि ते कळावे अशी रचनाही नाही.

प्रोटेस्टंट मिशनऱ्यांचा आग्रह नेमका याच्या उलट होता. श्रीरामपूरहून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८२६ मध्ये स्वतःचा अनुवाद छापला. पुस्तक हाती द्यावे, वाचणाऱ्याने स्वतः वाचावे, सत्य त्याला भेटेल, ही त्यांची श्रद्धा. मराठी गद्याच्या घडणीवर तिचा परिणाम झाला हे सर्वज्ञात आहे. परंतु स्वतः वाचणारा माणूस स्वतःचे निष्कर्षही काढतो.

नीळकंठशास्त्री आणि पंडिता :

या दृष्टीने दोन चित्पावन संस्कृतज्ञांची आयुष्ये शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) काशीत वाढले. जॉन म्यूर यांनी ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथात खरे शास्त्र ओळखण्याच्या कसोट्या मांडून ख्रिस्ती धर्माची बाजू घेतली, तेव्हा तरुण नीळकंठशास्त्र्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून तिला उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे, की तर्काने शास्त्राची परीक्षा करणे हा क्रमच उलटा आहे. श्रद्धा आधी, तर्क तिच्या मागून. १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. पुढे त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्याच दर्शनांचे तर्काने खंडन केले. शास्त्र बदलले, पण अढळ प्रमाणाची ओढ बदलली नाही. एकाच बायबलमधून प्रत्येक पंथ वेगळा सिद्धान्त काढतो हे त्यांना जाचू लागले, आणि व्यक्तीच्या खाजगी निर्णयावर सत्य सोपविता येणार नाही, प्राचीन धर्मसभेच्या अधिकाराला शरण गेले पाहिजे, या निष्कर्षाप्रत ते आले. अँग्लिकन परंपरेतील उच्च चर्च विचारांचे ते झाले आणि १८७६ मध्ये ऑक्सफर्डजवळील काउली येथील संन्यासी संघात उमेदवार म्हणून राहिले. गुरुमुखाविना शास्त्र कळत नाही, हा काशीचा संस्कार तेथपर्यंत त्यांच्यासोबत गेला असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती धर्म बौद्धिकदृष्ट्या पटला त्यात याच गोऱ्यांच्या लेखनाचा वाटा मोठा होता. रमाबाई पुढे मात्र विरुद्ध दिशेला गेल्या. त्यांच्या हाती पडलेले पहिले शुभवर्तमान लूकचे, तेही बंगालीत, सिल्चरच्या घरी. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. लंडनमध्ये समाजाने टाकलेल्या स्त्रियांना या भगिनी ज्या मायेने सांभाळीत ते पाहून त्या थक्क झाल्या. असे कशामुळे, या त्यांच्या प्रश्नावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. येथे प्रमाणांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे : आधी कृती दिसली, मग ग्रंथाने तिचा अर्थ सांगितला. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांनी कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा घेतला म्हणजे धर्मसभा सांगेल ते सर्व मान्य केले, असे वाँटेजच्या भगिनी जेराल्डिन यांनी गृहीत धरले होते. रमाबाईंनी तसे धरले नव्हते. त्रैक्याच्या सूत्रबद्ध मांडणीविषयी, विशेषतः अथनाशियसच्या नावाने चालणाऱ्या विश्वासांगीकाराविषयी, त्यांना शंका होत्या. (पुस्तकांची यादी देणारा तोच हा अथनाशियस, विश्वासांगीकार मात्र त्याचा नव्हे, हे आता सर्वमान्य आहे.) १८८५ मधील पत्रव्यवहारात त्यांनी बजावले, की ब्राह्मण पुरोहितांचे जोखड आपण मोठ्या कष्टाने नुकतेच उतरविले आहे, आणि आता दुसऱ्या धर्मगुरूंच्या तोंडून येणारा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा म्हणून स्वीकारण्याची आपली तयारी नाही. आपल्याला सदसद्विवेक दिलेला आहे आणि शास्त्र आपण स्वतः वाचू शकतो, ही त्यांची भूमिका. भगिनी जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. चेल्टनहॅम महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिआ बील यांनी मात्र आज्ञेऐवजी युक्तिवादाचा मार्ग धरला, आणि रमाबाई त्यांच्याशी मोकळेपणाने वाद घालीत राहिल्या. क्रूसावर लॅटिन वचन कोरलेले असण्याला रमाबाईंनी घेतलेली हरकतही याच पत्रव्यवहारातील : जी भाषा आपल्याला आणि आपल्या बहिणींना कळत नाही ती कशासाठी? संस्कृत चालेल.

हे भांडण एका बंडखोर स्वभावाचे म्हणून सोडून देण्याजोगे नाही. परक्या देशात, लहान मुलीसह, दुसऱ्यांच्या आश्रयाने राहणारी पंचविशी ओलांडलेली विधवा ज्यांच्या घरचे अन्न खात होती त्यांनाच सांगत होती, की सत्याच्या बाबतीत तुमचा शब्द अंतिम नाही. गोऱ्यांचा प्रश्न होता : माझी बुद्धी चुकली तर मला कोण सावरील? रमाबाईंचा प्रश्न होता : धर्मगुरू चुकला तर त्याला कोण सावरील? दोन्ही प्रश्न खरे आहेत. आपल्या वर्गात मात्र आपण बहुधा यांपैकी एकच विचारतो.

रमाबाईंनीही बुद्धीला शेवटचे स्थान दिले नाही, हे येथे नोंदविले पाहिजे. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त मागाहून भेटला, असे त्या १९०७ च्या आपल्या साक्षीत सांगतात. भेटीची ही भाषा अनुभवाची आहे, वारकऱ्याला ती लगेच समजेल.

टिळक आणि तुकाराम :

ती भाषा नारायण वामन टिळकांनी उघडपणे वारकऱ्यांची करून टाकली. टिळकांचे (१८६१–१९१९) प्राथमिक शिक्षण कल्याणला झाले. आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने दिलेला नवा करार वाचून ते ख्रिस्ताकडे वळले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ग्रंथाने थेट काम केल्याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठीत दुसरे नसेल. परंतु तेच टिळक पुढे म्हणू लागले, की तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो. मिशनच्या चौकटीला हे अवघड जाणारे होते. तुकारामाच्या अभंगांतील सत्य हे सत्यच असेल, तर त्याचे प्रामाण्य कोठून आले? १९१७ मध्ये त्यांनी काढलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही स्थान होते. टिळकांनी या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर लिहिले नाही, पदे लिहिली. ती आज ‘उपासना संगीता’तून मराठी मंडळ्यांत गायिली जातात, आणि गायिल्या जाणाऱ्या गोष्टी नकळत मानल्याही जातात. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ मध्ये तर आणखी एक वाट दिसते. सोवळ्याओवळ्याचा त्यांचा पीळ सुटला तो कोणाच्या प्रवचनाने नव्हे. देवाने जाती केल्या असतील काय, या स्वतःच्याच विचाराने.

केडगावचे बायबल :

शास्त्र स्वतः वाचण्याचा हक्क मागणाऱ्या रमाबाई अखेरीस शास्त्र इतरांना वाचता यावे या कामाला लागल्या. प्रचलित मराठी बायबलची भाषा केडगावच्या मुक्ती मिशनमधील अल्पशिक्षित स्त्रियांना कठीण जाई. शिवाय त्यातील संस्कृत शब्दांमागे दर्शनांचे अर्थ उभे असत, आणि ते अर्थ रमाबाईंइतके कोणाला माहीत असणार? त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मूळ भाषांतून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी एकहाती केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी निधन होण्यापूर्वी ते संपविले. मराठी कॅथॉलिकांसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले ते पुढच्या शतकात.

अनुवाद करणाऱ्याला प्रत्येक ओळीवर निवड करावी लागते. कोणता शब्द घ्यावा, कोणता टाळावा, याचा निर्णय मूळ ग्रंथ देत नाही. तो व्याकरण देते, पूर्वीचे भाष्यकार देतात, आणि समोर बसलेली वाचक स्त्री देते. हे निर्णय रमाबाईंनी काही वर्षे रोज घेतले. छपाईचा कारखाना मुक्तीतच होता. खिळे जुळविण्याचे काम तेथील स्त्रियाच करीत, आणि त्यांपैकी अनेकींनी अक्षरओळख तेथेच करून घेतली होती. १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला तेव्हा त्यांतील काही जणी आपण जुळविलेली पाने स्वतः वाचू शकत होत्या.